मॅट्रिकचा सत्कार आणि एक शाळामास्तर

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून दोन-तीन आठवडे एकच धामधूम असते. विहारासमोर मांडव पडतो. तथागतांच्या आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार घातला जातो, त्रिसरण-पंचशील होते आणि मग गुणवंत विद्यार्थ्यांचा गुणगौरव सुरू होतो. ज्या बापाने जन्मभर गोदीत ओझी वाहिली, ज्या आईने चार घरची धुणीभांडी केली, ते दोघे पहिल्या रांगेत बसलेले असतात. आपल्या मुलीचे नाव माईकवरून पुकारले जाताना आईचा पदर डोळ्यांकडे जातो. हा सोहळा आपल्या समाजाला नवीन नाही. पण तो कुठून सुरू झाला, त्याचा मूळ मानकरी कोण, आणि त्या सत्काराला आलेल्या एका शाळामास्तराने नेमके काय केले, हे मात्र मांडवातल्या भाषणांत फारसे ऐकू येत नाही.

म्हणून यंदा आमच्या वस्तीतील दहावी पास झालेल्या मुलांना घेऊन एक दिवसाची सहल काढायचे ठरले. सहल म्हणजे पाण्याचे धबधबे नव्हेत की वॉटर पार्क नव्हे. रेल्वेचे तिकीट, डब्यातली चपाती-भाजी आणि पायी हिंडणे. अकरा मुले-मुली, त्यांच्यापैकी तिघांच्या आया, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आणि आम्ही दोघे कार्यकर्ते, असा सोळा-सतरा जणांचा तांडा जूनमधल्या एका रविवारी सकाळी परळला जमला. या शिक्षिकेला सारी वस्ती नुसते 'बाई' म्हणते. तीस वर्षे त्यांनी पालिकेच्या शाळेत शिकविले आणि दरवर्षी वस्तीतल्या सत्काराला त्या न चुकता हजर राहतात.

मुले निवडताना एक गोष्ट आम्ही जाणूनबुजून केली. टक्क्यांची अट ठेवली नाही. हल्ली बऱ्याच मंडळांच्या पत्रिकेवर 'पंच्याहत्तर टक्के व त्यावरील विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स जमा करावी' असे छापलेले असते. आमच्या तांड्यात ब्याऐंशी टक्केवाली मुलगी होती, तसा छेचाळीस टक्के मिळालेला एक मुलगाही होता. त्याला कोणत्याच मंडळाने बोलावले नव्हते. तो यायला तयार नव्हता. "मी कशाला येऊ काका, मला काय मार्क पडलेत?" असे म्हणत होता. कुरियरच्या गोदामात पोरे घेतात असे त्याला कळले होते आणि एक तारखेपासून तिकडे लागायचे त्याच्या मनाने घेतले होते. बाईंनी त्याच्या घरी जाऊन आईला सांगितले, तेव्हा कुठे तो आला.

परळ हे आजचे परळ नव्हे, असे आधी मुलांना सांगावे लागले. आज जिथे काचेच्या उंच इमारती आणि मॉल दिसतात तिथे एके काळी गिरण्यांची धुराडी होती आणि त्यांच्या सावलीत चाळी होत्या. सुभेदार रामजी आंबेडकर साताऱ्याहून मुंबईला आले ते या कामगार वस्तीत राहायला. एका चाळीतली एक खोली. त्याच खोलीत चूल, तिथेच सरपण, जाते, भांडीकुंडी आणि शेळीसुद्धा. चरित्रकार धनंजय कीर यांनी या खोलीचे वर्णन केले आहे. रात्री सगळे झोपले की सुभेदार दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजता मुलाला उठवीत आणि मग स्वतः त्या जागी आडवे होत. काच नसलेल्या चिमणीच्या उजेडात भीमराव पहाटेपर्यंत वाचीत बसे. हे ऐकताना एक आई हळूच म्हणाली, "आमची पण दहा बाय दहाचीच हाय की ओ. पोरगी मोरीपाशी बसून अभ्यास करायची." बाई तिला म्हणाल्या, "मग तुम्ही सुभेदारांचंच काम केलंत ताई."

परळच्या दामोदर हॉलजवळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब पुढे १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. पण आमचा विषय मॅट्रिकचा होता. त्यामुळे चाळीला अभिवादन करून आम्ही परळ स्टेशनवर आलो आणि सीएसएमटीची गाडी पकडली.

सीएसएमटीला उतरून महापालिकेच्या मुख्यालयावरून पुढे गेले की महापालिका मार्ग लागतो. कामा हॉस्पिटल आणि सेंट झेवियर्स कॉलेज याच रस्त्यावर आहेत, पलीकडे आझाद मैदान. याच रांगेत एल्फिन्स्टन हायस्कूलची दगडी इमारत उभी आहे. रविवार असल्याने फाटक बंद होते. आम्ही पदपथावरूनच इमारत पाहिली. मोर्चाला आझाद मैदानात शंभर वेळा आलेले लोकही या इमारतीकडे मान वर करून पाहत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

भीमरावांचे हायस्कूल शिक्षण सुरू झाले साताऱ्याला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. मुंबईत आल्यावर ते या एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. सरकारी शाळा, नावाजलेली शाळा. पण जात तिथेही फाटकाबाहेर राहिली नाही. एकदा मास्तरांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव उठताच मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला काढले आणि मगच ते फळ्यापर्यंत पोहोचू शकले. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, ती दारे बंद. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. अशा स्थितीत १९०७ साली ते मॅट्रिक पास झाले.

गुण किती? ७५० पैकी २८२. हा आकडा आम्ही सांगताच दोन-तीन मुलांनी मोबाईल काढले. आम्ही पडलो कॉमर्सवाले, आमचे उत्तर तोंडी तयार होते. ३७.६ टक्के.

क्षणभर कुणीच बोलले नाही. मग तो छेचाळीस टक्केवाला मुलगा म्हणाला, "काका, म्हणजे बाबासाहेबांना पण मंडळानं बोलावलं नसतं?"

मुले हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. बाईंनी मुलांना फाटकाच्या बाजूला सावलीत उभे केले आणि शांतपणे समजाविले. "याचा अर्थ कमी मार्क चांगले असा कुणी घ्यायचा नाही. तेव्हा मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठ घेत असे. ती पास होणं हीच मोठी गोष्ट होती, आणि आपल्यातला मुलगा तिथवर पोहोचणं ही तर नवलाची गोष्ट. हेच बाबासाहेब पुढे अमेरिकेत दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास करीत. मला एवढंच सांगायचं आहे की मॅट्रिकच्या गुणांवरून मुलाची उंची मोजायची नसते. त्या दिवशी ज्यांनी त्यांचा सत्कार केला त्यांनी टक्के विचारले नव्हते."

त्या सत्काराची हकीकत आता सांगितली पाहिजे.

भीमराव पास झाले तेव्हा समाजाच्या लोकांनी सभा घेऊन अभिनंदन करायचे ठरविले. कीरांनी लिहिलेल्या चरित्राप्रमाणे अध्यक्ष होते सी. के. बोले, आणि बोलायला उभे राहिले कृष्णाजी अर्जुन केळुसकर. केळुसकर गुरुजींचा जन्म १८६० चा, वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचा. मुंबईत शाळामास्तर. सत्यशोधक विचारांचे, मराठीतले नाणावलेले लेखक. तुकाराम महाराजांचे आणि शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र त्यांनी लिहिले. १८९८ साली त्यांनी मराठीत भगवान बुद्धाचे चरित्रही प्रसिद्ध केले होते. त्याच पुस्तकाची प्रत गुरुजींनी सभेत भीमरावांच्या हातात ठेवली.

खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात ही आठवण थोडी वेगळी सांगितली आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे हा सत्कार इंग्रजी चौथी पास झाल्यावरचा, आणि अध्यक्षस्थानी स्वतः दादा केळुसकर होते. त्यात आणखी एक गोड गोष्ट आहे. लोक परवानगी मागायला आले तेव्हा सुभेदारांनी साफ नकार दिला. एक परीक्षा पास झाला म्हणून सत्कार केला तर पोराचे डोके फिरेल, असे त्यांचे म्हणणे. लोक हिरमुसले, पण हटले नाहीत. ते सुभेदारांचे स्नेही दादा केळुसकर यांच्याकडे गेले. दादांनी मध्यस्थी केली, थोडी वादावादी झाली आणि सुभेदारांनी मान तुकविली. इयत्तेबाबत दोन सांगण्यांत फरक असला तरी मास्तर तेच, पुस्तक तेच आणि मुलगाही तोच.

महापालिका मार्गावरून मेट्रो सिनेमाच्या चौकात, तिथून मरीन लाइन्सला आणि मग रेल्वेच्या कडेकडेने चर्नी रोड, असे आम्ही चालत गेलो. ऊन होते, मुले कुरकुरू लागली होती. चर्नी रोड स्टेशनला लागून एक बाग आहे, तिला आता स. का. पाटील उद्यान म्हणतात. त्या काळी ती नुसती चर्नी रोड गार्डन होती. शाळा सुटल्यावर भीमराव इथे येऊन वाचीत बसत. केळुसकर गुरुजीही इथे वाचायला येत. रोज एक मुलगा एकाच जागी पुस्तकात डोके घालून बसलेला दिसतो, म्हणून गुरुजींनी एक दिवस चौकशी केली. तू कोण, कुठला, कोणत्या शाळेत? मुलाने आपली जात सांगितली. गुरुजी उठून गेले नाहीत. ते त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले.

आम्ही त्या बागेत झाडाखाली बसून डबे सोडले. कुणाची भाकरी, कुणाची सुकी बटाट्याची भाजी, कुणाचे अंड्याचे कालवण. सगळ्यांनी सगळ्यांचे खाल्ले. जेवण झाल्यावर बाई बोलल्या ते इथे दिले पाहिजे.

"मी तीस वर्षं सत्काराला जाते आहे," बाई म्हणाल्या. "स्टेजवर बसते, टाळ्या वाजवते, मुलांच्या पाठीवर हात ठेवते. शिक्षकाला त्या दिवशी फार सुख वाटतं. आपण पहिलीत धरून धरून 'अ' गिरवायला लावलेला हात आज ढाल घेतो आहे, हे बघून जीव भरून येतो. पण माझी खरी धास्ती दुसऱ्या दिवशी सुरू होते. ही मुलगी अकरावीला जाईल का? जातीचा दाखला काढला आहे का? की दिवाळीत कळणार, तिचं शिक्षण सुटलं? केळुसकर गुरुजी मला थोर वाटतात ते पुस्तक दिलं म्हणून तर आहेच. पण त्याहून जास्त, ते पुस्तक देऊन घरी बसले नाहीत म्हणून."

बाईंचे म्हणणे अगदी रास्त आहे. मॅट्रिकनंतर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. इंटर पास होईपर्यंत सुभेदारांची सारी पुंजी संपली. पुढचे शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा हेच केळुसकर गुरुजी भीमरावांना घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी मुलाला प्रश्न विचारले, उत्तरांनी समाधान झाले आणि दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती मंजूर झाली. त्या पंचवीस रुपयांवर १९१२ साली बी.ए. झाले आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मध्ये ते पंचवीस रुपये नसते तर? मुले गप्प झाली. कुरियरच्या गोदामाचा विचार करणारा तो मुलगा पायाने माती उकरीत होता.

आणि त्या सभेला हजर असलेल्या बोल्यांचे काय? तेच बोले पुढे मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा जो ठराव झाला, तो 'बोले ठराव' याच सी. के. बोल्यांचा. त्याच ठरावाच्या आधाराने महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. एका विद्यार्थ्याच्या सत्काराला जमलेली माणसे अशी आयुष्यभर त्या विद्यार्थ्याच्या कार्याशी जोडलेली राहिली. त्यात आपल्या समाजाबाहेरचे लोकही होते, हे आपण विसरता कामा नये.

चर्नी रोडहून पश्चिम रेल्वेने आम्ही दादरला आलो आणि पूर्वेला हिंदू कॉलनीत 'राजगृहा'समोर उभे राहिलो. आमच्या सहलीचा हा शेवटचा मुक्काम. परळच्या एका खोलीत काच नसलेल्या दिव्याखाली वाचणाऱ्या मुलाने पुढे घर बांधले ते आधी पुस्तकांसाठी. इथे जमलेला त्यांचा ग्रंथसंग्रह जगप्रसिद्ध आहे. त्यातली बरीच पुस्तके पुढे सिद्धार्थ कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू पाहताना मुलींनी आवाज न करता रांग धरली. सांगावे लागले नाही.

बाहेर आल्यावर ब्याऐंशी टक्केवाल्या मुलीने विचारले, "केळुसकर गुरुजींनी दिलेलं ते बुद्धचरित्र वाचून बाबासाहेबांना काय वाटलं?" बाबासाहेबांनी आपल्या प्रास्ताविकात लिहून ठेवले आहे की त्या पुस्तकाने ते भारावून गेले आणि तिथूनच ते बुद्धाकडे वळले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्म स्वीकारला. केळुसकर गुरुजी मात्र १९३४ सालीच गेले. एका मुलाला दिलेल्या एका पुस्तकातून काय उभे राहणार आहे हे त्यांना पाहायला मिळाले नाही. बाई म्हणाल्या, "शिक्षकाला ते सहसा पाहायला मिळतच नाही. म्हणून पेरणी थांबवायची नसते."

आता थोडे व्यवहाराचे. हे वाचणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ध्यानात घ्यावे. भीमरावांना एक केळुसकर भेटले आणि एक महाराज भेटले. आपल्या मुलांना महाराज शोधायची गरज राहिलेली नाही, कारण भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. अकरावीपासून ती मिळते. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींचा हक्क १९९० साली मिळाला. गावाहून शहरात शिकायला आलेल्या व सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरावे लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार जोडलेले बँक खाते, ही कागदपत्रे सुट्टीतच तयार ठेवावीत. शिष्यवृत्ती असते, पण अर्ज राहून जातो. दाखला नाही, खाते बंद पडलेले, मुदत टळलेली. अशाने वर्ष जाते आणि एकदा वर्ष गेले की मूल परत शाळेकडे वळत नाही.

या कामी महाराज नको, केळुसकर हवेत. तहसील कचेरीत रांगेला उभा राहणारा, फॉर्म भरून देणारा, दिवाळीत घरी जाऊन "क्लासला जातोस ना रे?" असे विचारणारा. त्यासाठी लेखक असावे लागत नाही, श्रीमंत असावे लागत नाही. वस्तीतला एखादा कंडक्टर, एखादी नर्स, एखादा शिपाईसुद्धा एका मुलाचा केळुसकर होऊ शकतो.

आमच्या सहलीतल्या अकरा जणांचे काय झाले, हे वाचकांना विचारावेसे वाटेल. हा मजकूर लिहीपर्यंत सात जणांचे अकरावीचे आणि दोघांचे आयटीआयचे प्रवेश पक्के झाले. एका मुलीला घरच्यांनी गावी धाडले आहे, ती अजून परतलेली नाही. बाई तिच्या मामाला दोनदा फोन करून चुकल्या आहेत आणि तिसऱ्यांदा करणार आहेत. तो छेचाळीस टक्केवाला मुलगा गोदामात लागला. पण बाईंनी त्याच्याकडून रात्रशाळेच्या ज्युनियर कॉलेजचा फॉर्म भरून घेतला आहे आणि त्याच्या दाखल्याचे कागद सध्या आमच्या पिशवीत आहेत.

तेव्हा मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या पत्रिकेवरून टक्क्यांची अट काढून टाका. पास झालेल्या प्रत्येक मुलाला मांडवात बोलवा. ढालीऐवजी एक चांगले पुस्तक द्या, आतल्या पानावर मुलाचे नाव लिहा. आणि सत्काराच्या शेवटी आभारप्रदर्शनाआधी एक यादी वाचून दाखवा, कोणत्या मुलाची पुढच्या वर्षभराची काळजी वस्तीतला कोण माणूस घेणार त्याची. त्या यादीत तुमचे नाव असू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!